रुळाचं वय टनात मोजतात

मी नांदगावचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर इंजिनिअर. मनमाड आणि चाळीसगावच्या मधलं आपलं स्टेशन, मध्य रेल्वेचा भुसावळ विभाग. इथून मालगाड्या दिवसरात्र धडधडत जातात. त्यांच्या खालच्या रुळाची तब्येत कशी बघतात, ते आज बोलू.

कोळशाचा एक भरलेला डबा साधारण 90 टनांचा. चाकं आठ, म्हणजे एका चाकावर 11 टन. आणि चाक रुळाला टेकतं ती जागा फक्त नाण्याएवढी! हा मार पुन्हा पुन्हा बसला की पोलादात आतून बारीक तडा जातो. वरून रूळ चकचकीतच दिसतो.

म्हणून अल्ट्रासोनिक तपासणी. सोनोग्राफीच समजा. ध्वनिलहरी रुळात सोडायच्या, तडा असेल तर मधूनच प्रतिध्वनी येतो. गंमत म्हणजे पुढची तपासणी कधी, हे नुसत्या कॅलेंडरवर नाही, किती टन वाहतूक झाली त्यावर ठरतं. एकक जीएमटी, म्हणजे दहा लाख टन. पाच हजार टनांच्या 200 मालगाड्या गेल्या की एक जीएमटी. 60 किलोच्या रुळाचं आयुष्य साधारण 800 जीएमटी धरलं जात आलंय.

दुसरा शत्रू तापमान. एक किलोमीटर मोकळा रूळ 40 अंशांनी तापला, तर तो 46 सेंटीमीटर वाढेल. पण आता रूळ सलग वेल्ड केलेले आणि स्लीपर-खडीने जखडलेले. वाढायला जागा नाही, मग ताण आतच साठतो. उन्हाळ्यात रूळ वाकायची भीती, थंडीत वेल्ड तुटायची. म्हणून खडी महत्त्वाची. ती भरडून भुगा झाली, काळ्या मातीचा चिखल वर आला, की पकड सुटते आणि पाणी साचतं. मग खडी चाळायची, मशीनने पुन्हा ठासायची.

एवढी यंत्रं असली तरी कीमन रोज पायी फिरतोच. सैल क्लिप ठोकून बसवतो. तडा दिसला तर लाल झेंडा आणि फटाके लावून गाडी थांबवतो. मागून गाडी येतेय का, याकडे कान ठेवूनच हे सगळं.

अडचण एकच: दुरुस्तीला रूळ मोकळा हवा, आणि गाड्या तर थांबत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगाव-मनमाड या 160 किलोमीटरच्या चौथ्या लाइनला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालीय. लाइन वाढल्या की ब्लॉक देणं सोपं जाईल.

तोवर मेगाब्लॉकचा मेसेज आला की वैतागण्याआधी आठवा, त्या दोन-तीन तासांत कुणीतरी तुमच्याच गाडीखालचा रूळ नीट करतंय. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!