मनगटातील बटवा



देवळाली कॅम्पाची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक तोफखाना आणि दुसरी हवा. मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी घाट चढून इगतपुरी मागे टाकते आणि नाशिकरोडच्या अलीकडे देवळालीस येऊन ठेपते, तेव्हा डब्यात शिरणारी कोरडी, हलकी हवा प्रवाशाच्या लगेच ध्यानात येते. या हवेसाठीच मुंबईकरांनी, त्यातही पारशी मंडळींनी, येथे बंगले आणि आरोग्यभुवने उभारली. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना जहाजाची वाट पाहत याच छावणीत दिवस कंठावे लागत. आणि त्या सक्तीच्या रिकामपणाने त्यांची डोकी अशी काही फिरत, की या गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘डूलॅली’ हा वेडाचा पर्याय इंग्रजी भाषेत जाऊन बसला. विश्रांतीने माणसे वेडी झाली अशी ज्या गावाची कीर्ती, त्याच गावी घरोघर एक अवयव असा आहे की ज्याच्या वाट्याला विश्रांती म्हणून येत नाही. तो अवयव म्हणजे गृहिणीचे मनगट.

कणीक मळणे, भाकरी थापणे, चादरी पिळणे, भरलेला कुकर एका हाताने उचलणे, या प्रत्येक क्रियेत मनगट वाकते, दाबले जाते आणि पिळले जाते. नाशिकच्या द्राक्षबागांतून घड विरळणाऱ्या बायांच्या हातातील लहानशी कात्री दिवसभरात किती वेळा मिटते याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. संध्याकाळी तो हिशेब मनगटच मांडून दाखविते. प्रथम थोडी ठणक लागते, मग हात वाकविताना कळ येते, आणि एके सकाळी मनगटावर मऊ, किंचित उष्ण अशी सूज दिसते. घरातील वडीलधारी बाई म्हणते, “सूनबाई, थोडे तेल चोळ, उतरेल.” येथेच पहिली चूक घडते.

ही सूज कशाची, हे पाहावयाचे तर थोडे कातडीखाली डोकवावे लागेल. मनगटात दोन ओळींनी बसविलेली ८ लहान हाडे आहेत. त्यांच्यावरून बोटांना हालविणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या टोकांचे चिवट दोर, सारखे मागेपुढे सरकत असतात. दोर दगडावर घासला तर झिजतो. म्हणून शरीराने जेथे जेथे असे घर्षण होते तेथे तेथे वंगणाने ओलसर राहणाऱ्या पातळ पिशव्या घातल्या आहेत. संबंध अंगात त्या सुमारे १५० भरतात. वैद्यकात अशा पिशवीस ‘बर्सा’ म्हणतात. हा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ पैशाची थैली. आपल्याकडे त्याला बटवा म्हणता येईल. तेव्हा आजीबाईच्या बटव्याकडे धाव घेण्यापूर्वी मनगटातील या बटव्याची ओळख करून घेणे इष्ट. अतिश्रमाने, सततच्या दाबाने किंवा माराने त्याचे अस्तर चिडते, आत नेहमीपेक्षा अधिक पाणी साचते आणि बटवा फुगतो. यालाच बर्सायटिस म्हणतात. नव्या जागी नित्य घर्षण होऊ लागले तर शरीर तेथे नवा बटवाही तयार करते, इतके ते कामसू आहे.

या विकाराची नावे मोठी बोलकी आहेत. गुडघ्यावर येणाऱ्या अशा सुजेस इंग्रजांनी ‘मोलकरणीचा गुडघा’ म्हटले आणि कोपरावरच्या सुजेस ‘विद्यार्थ्याचे कोपर’. भाकरी थापणारीच्या मनगटाला मात्र कोणी नाव दिले नाही. अर्थात मनगटावरची प्रत्येक सूज बटव्याचीच असते असे नाही. उलट, मनगटाचा खरा बर्सायटिस त्या मानाने कमीच आढळतो. अंगठ्याच्या बाजूस दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वळविताच कळ येत असेल, तर तो बहुधा कंडरेच्या म्यानाचा दाह असतो. स्वित्झर्लंडातील शस्त्रवैद्य डी क्वेर्व्हॅ यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. तान्हे मूल काखेत हात घालून दिवसातून पन्नास वेळा उचलणाऱ्या नव्या आईला तो विशेष गाठतो. मनगटाच्या पाठीवर उठलेली घट्ट, गोल गाठ ही आणखी निराळी. ती पुष्कळदा आपोआप जिरते. पूर्वी विलायतेत ती जाड बायबलच्या तडाख्याने फोडीत. आपल्या घरी कोणी पोथी उचलण्यापूर्वी एवढे सांगणे बरे, की त्या तडाख्याने गाठ परतून येते आणि एखादे वेळी हाडही दुखावते.

श्रमाने आलेल्या साध्या सुजेवर घरी उपचार करता येतो. पहिले काम बांगड्या उतरविण्याचे. हे लिहिण्यास सोपे, पण करण्यास कठीण. कारण सवाष्णीचा हात मोकळा दिसणे आपल्या घरांतून अशुभ मानतात, आणि ‘काढणे’ हा शब्ददेखील टाळून ‘वाढविणे’ म्हणतात. सूज चढल्यावर मात्र काचेची बांगडी निघत नाही, ती रुतते. यावर एक तोड आहे : दोन्ही हातांच्या बांगड्या चांगल्या हातात भराव्या. रीतही राहते आणि मनगटही मोकळे होते. अंगठी आणि घड्याळ यांना तर तेवढाही मान देण्याचे कारण नाही.

पहिले दोन-तीन दिवस शेक नको, थंडावा हवा. बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. उघडा बर्फ कातडीस लावू नये. ज्यांच्या हाताची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे त्यांनी विशेष जपावे. बसताना-निजताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. औषधांच्या दुकानी आत पट्टी असलेला मनगटपट्टा मिळतो. त्याने मनगट सरळ राहावे आणि बोटे मोकळी राहावी. पट्टा फार आवळला की काय ते नखावरून कळते : नख दाबून सोडले की पांढरेपणा जाऊन दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. पट्टा रात्री आणि कामाच्या वेळी असावा. दिवसातून काही वेळा तो सोडून हात हळुवार हालवावा, नाहीतर सांधा आखडतो. ऊन गेल्यावर, म्हणजे स्पर्शाला उष्णता लागेनाशी झाल्यावर, कोमट शेकास हरकत नाही.

चोळणे मात्र वर्ज्य. चिडलेल्या पिशवीला रगडणे म्हणजे भांडण मिटविण्यासाठी भांडणाऱ्यांना एका खोलीत कोंडणे होय. आंबेहळदीचा लेप बहुतेकांस अपाय करीत नाही, परंतु त्याची एक अडचण कोणी सांगत नाही. पिवळ्या थराखाली कातडी लाल होत आहे की नाही ते दिसत नाही, आणि लाली हीच तर पाहावयाची असते. वेदना अधिक असल्यास पॅरासिटमॉल पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत चालते. दाहशामक गोळ्या मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल तर डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत.

इतके सगळे करूनही सूज उतरत नाही अशी तक्रार येते, तेव्हा घरातील पोळ्या कोण लाटते हे विचारावे. बर्फ लावून उठलेली बाई त्याच हाताने चादर पिळावयास बसली तर बर्फाचा काय इलाज? घरगुती उपचारातील मुख्य औषध हे की दोन आठवडे ते काम दुसऱ्या हातांनी करावे. कणीक मुलाने मळावी. त्याच्या मुठी नाहीतरी रिकाम्याच असतात. कपडे न पिळता निथळत टाकावे. कुकर दोघांनी उचलावा. नोकरीवर जाणाऱ्या गृहस्थास भाकरी थापता येत नसेल, तर दोन आठवडे भातावर राहण्यास कोणाचीच ना नसावी. बागेतील मजूर बाईची गोष्ट याहून बिकट, कारण तिचा रोज हातावर असतो. तिला कात्रीऐवजी घड वेचण्याचे किंवा पेट्या भरण्याचे काम पाळीपाळीने देणे बागायतदाराच्या हाती आहे, आणि हंगामाच्या मध्यावर कसबी हात गमावण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.

आता ज्या सुजेस घरी हात लावू नये ती. तळहाताच्या बाजूस मनगटात दोन लांबट बटवे आहेत. एक अंगठ्याच्या कंडरेभोवती, आणि दुसरा इतर बोटांच्या कंडरांभोवती असून तो बहुधा थेट करंगळीत उतरतो. पुष्कळांच्या हातात हे दोन्ही मनगटापाशी एकमेकांस मिळालेले असतात. म्हणून करंगळीस बोचलेला बाभळीचा काटा किंवा शिवणाची सुई तेथेच थांबत नाही. तिची पूयबाधा मनगटापर्यंत आणि तेथून अंगठ्यापर्यंत चढू शकते. शिकागोचे शस्त्रवैद्य ॲलन कॅनव्हेल यांनी १९१२ साली हाताच्या पूयबाधांवर ग्रंथ लिहिला. बोट सबंध सुजलेले, थोडे वाकून राहिलेले, कंडरेच्या मार्गावर दाबताच दुखणारे, आणि दुसऱ्याने सरळ केले असता प्राण कंठाशी आणणारे, अशी जी लक्षणे त्यांनी नोंदविली ती आजही रुग्णालयांतून पाहतात. अशा वेळी दिवस नव्हे, तास मोजावयाचे असतात. ताप, पसरणारी लाली, किंवा जखमेनंतरची सूज दिसताच लेप बाजूस ठेवून रुग्णालय गाठावे.

पडताना हात टेकला असेल तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून पाहावे. तेथे दुखत असेल तर लहान हाड मोडले असण्याचा संभव आहे. पहिल्या क्ष-किरण चित्रात ते कधीकधी दिसतही नाही. दोन्ही मनगटे सुजून सकाळी तासाहून अधिक आखडत असतील, किंवा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर तेही घरचे काम नव्हे.

आणखी एक सूज आहे, ती दुखत नाही म्हणूनच फसविते. मनगटाच्या वर आणि खाली, मधे आवळलेल्या थैलीसारखी ती महिनोन्महिने वाढते. वरचा भाग दाबला की खालचा फुगतो. आत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कण असतात. हा त्या बटव्याचा क्षयरोग असू शकतो. क्षय फक्त छातीचा असतो या समजुतीने कितीतरी हात वर्ष वर्ष लेपाखाली राहतात. त्याची औषधे सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात. ती सहा महिने किंवा अधिक घ्यावी लागतात, आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

साधी सूज मात्र बहुधा काही आठवड्यांत ओसरते. मग पहिल्या दिवशी एकच भाकरी थापावी. दुसऱ्या सकाळी मनगट कुरकुरले नाही तर दोन. ओले फडके पिळून पाहावे ते त्यानंतर. आणि बांगड्या त्या हातात परत भरावयाच्या त्या सर्वांच्या शेवटी, कासारीण दारी येईल तेव्हा, पूर्वीपेक्षा एक माप मोठ्या.