गाडी ओरडतच नाही! जुन्या गाडीचा मुका बझर कसा शोधायचा

मागच्या भागात आपण बॅटरी आणि अल्टरनेटरवर बोललो होतो. त्यानंतर आलेल्या मेसेजमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत दिसली. "रात्री दिवे चालू राहिले, दार उघडून उतरलो तरी गाडीने हूं की चूं केलं नाही, सकाळी बॅटरी डाउन." किंवा, "आवाज येतो, पण इतका बारीक की एसी चालू असला की कळतच नाही."

आज याच्यावर बोलू. मी पेशाने सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे एखादी गोष्ट चुकली की निदान स्क्रीनवर लाल अक्षरं तरी येतात. मुका बझर मात्र बिघडल्याचं सांगतच नाही. सगळं ठीक असताना जी शांतता असते, तीच शांतता तो बिघडल्यावरही असते. म्हणून तो मुद्दाम तपासावा लागतो. आजच्या बऱ्याच तपासण्यांना पैसे लागत नाहीत. थोडा वेळ आणि सोबतीला एक माणूस पुरे.

पहिला प्रश्न : हा आवाज तुमच्या गाडीत मुळात होता का?

हसू नका, पहिली पायरी हीच आहे. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. वेगाचा इशारा म्हणजे ताशी 80 किलोमीटर ओलांडले की मधूनमधून बीप आणि 120 च्या वर सलग. त्याआधीच्या गाड्यांत असलं काही द्यायचं की नाही, हे कंपनी आणि मॉडेल ठरवायचं. एकाच गाडीच्या महागड्या मॉडेलमध्ये बेल्टचा आवाज असायचा आणि बेसिक मॉडेलमध्ये नुसता लाल दिवा. तेव्हा आधी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं ते मालकाचं पुस्तक काढा. त्यात नसलेला आवाज शोधत बसू नका.

दुसरा प्रश्न : सगळेच आवाज गेले, की एखादाच?

जुन्या गाडीत साधारण रचना अशी असते. एका बाजूला स्विच : दाराचा, चावीच्या खाचेतला, दिव्यांचा, बेल्टच्या बकलमधला, हँडब्रेकचा. मध्ये निर्णय घेणारं छोटं सर्किट. आणि शेवटी एक बझर, जो बहुतेक वेळा मीटरच्या मागे असतो, नाहीतर डॅशबोर्डखाली वेगळ्या डबीत. स्विच अनेक, बझर एक. त्यामुळे सगळे आवाज एकदम बंद असतील तर बिघाड सामायिक भागात, म्हणजे फ्यूज, अर्थिंग किंवा खुद्द बझरमध्ये. एकच आवाज गेला असेल तर बझरला हात लावू नका, त्या आवाजाच्या स्विचकडे जा. एवढ्या एका प्रश्नावर अर्धी गाडी संशयातून सुटते. डिबगिंग करताना आम्ही हेच करतो, एका वेळी अर्धा भाग बाद.

आता एकेक स्विच घेऊ.

दाराचा स्विच. दार उघडलं की खांबावर रबरी टोपीचं बटण दिसतं ना, ते. जुन्या गाड्यांत दार उघडलं की हा स्विच वायरला गाडीच्या बॉडीशी, म्हणजे अर्थला जोडतो. केबिन लाइटही बहुधा त्याच्यावरच चालतो. म्हणून केबिन लाइटचं बटण मधल्या, म्हणजे 'डोअर' जागेवर ठेवा आणि एकेक दार उघडून बघा. शेजारचं दार उघडल्यावर लाइट लागतो आणि ड्रायव्हरचं उघडल्यावर लागत नाही? मग चोर सापडला. स्विचचा स्क्रू काढा, मागचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट बसवा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत राहिलेल्या गाडीत हे हमखास असतं. स्विच काढल्यावर वायर खांबात आत पडू देऊ नका. आधी तिला चिकटपट्टीने बाहेर अडकवून ठेवा.

चावीचा स्विच. चावी खाचेत राहिली की वाजणारा आवाज कुलपाच्या आतल्या बारीक स्विचवर चालतो. चावी आत ठेवून ती जराशी वर-खाली हलवा. आवाज मधेच येऊन जात असेल तर चावी नाहीतर कुलूप झिजलंय.

बेल्टचा स्विच. हा बकलच्या आत असतो आणि त्याची वायर सीटखालून जाते. आधी बकलमध्ये डोकावा. सुपारीचा तुकडा, बिस्किटाचा चुरा, नाणं, काहीही निघू शकतं. मग सीटखालचा कनेक्टर सैल झालाय का बघा. गाडी आतून धुताना, व्हॅक्यूम करताना तो ओढला जातो. पण इथे एक गोष्ट नीट ऐका. सीटखाली किंवा स्टिअरिंगजवळ पिवळा कनेक्टर दिसला, तर तो एअरबॅग किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो. त्याला मल्टिमीटर लावायचा नाही, ओढायचा नाही, चावी चालू असताना तर अजिबात नाही. ते काम चांगल्या वायरमनचं.

लक्षात ठेवण्यासारखी एक युक्ती : लाल दिवा आणि आवाज बहुतेक वेळा एकाच स्विचवरून माहिती घेतात. बेल्ट काढल्यावर दिवा लागतो पण आवाज येत नाही, म्हणजे स्विच शाबूत आहे, पुढे बघा. दोन्ही नाहीत, म्हणजे मागे बघा.

आता बझर. बऱ्याच गाड्यांत तो पिझो प्रकारचा असतो. पितळेची पातळ चकती, तिच्यावर सिरॅमिकचा थर. विजेचे झटके मिळाले की चकती थरथरते आणि वाजते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमुळे तिचं सोल्डर तडकतं. असा बझर आज वाजतो, उद्या नाही. डॅशबोर्डवर चापट मारल्यावर आवाज परत येत असेल तर संशय सोल्डरवर किंवा सैल कनेक्टरवर घ्या. मीटर उघडायचा झाला तर चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा. आणि सुटा बझर 9 व्होल्टच्या बॅटरीवर तपासणाऱ्यांसाठी : ज्या बझरमध्ये स्वतःचं सर्किट असतं तोच असा सलग वाजेल. नुसती पिझो चकती असेल तर फक्त 'टक' होईल. तेवढ्यावरून ती मेली असं समजून फेकू नका.

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जनरल मोटर्सच्या 2000 नंतरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये वेगळा बझर नाहीच, इशाऱ्याचा आवाज कंपनीच्या रेडिओतून स्पीकरवर येतो. मूळ रेडिओ काढून बाहेरचा बसवला की सगळे इशारे गप्प. त्यासाठी आवाज परत देणारे अडॅप्टर मिळतात, रेडिओ बदलताना तेच मागा.

तिसरा प्रश्न : आवाज बारीक आहे, की बारीक ऐकू येतोय?

बारीक आवाजाची कारणं तीन ठिकाणी असतात. एक, बझरमध्ये : चकतीचा गोंद सुटला, किंवा आवाज बाहेर पडायचं भोक धुळीने बुजलं. दोन, वाटेत : डॅशबोर्डवर घातलेलं जाड कव्हर, पूर्ण वेगात फिरणारा एसीचा पंखा, मोठा स्टिरिओ. तिसरं ठिकाण कुणी तपासत नाही. ते म्हणजे ऐकणारा कान.

माझे बाबा 64 वर्षांचे आहेत. नाशिकला असतात, गाडी सोळा वर्षांची, आणि ती ते स्वतःच चालवतात. ते म्हणायचे, बझर गेलाय. दोन वेळा दिवे चालू राहून बॅटरी उतरली होती. मी गेले तेव्हा दिवे लावले, दार उघडलं, तर बझर वाजत होता. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "वाजतोय की!" बाबा पुढे बसून म्हणाले, "कुठे वाजतोय?"

अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो, पुरावा लागतो. मोबाइल ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर धरून रेकॉर्डिंग केलं आणि फुकटच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये लावलं. 3 किलोहर्ट्झच्या आसपास सरळ उंच सुळका. गाडी आपलं काम चोख करत होती.

पिझो बझर साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात वाजतात. आणि वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते वरच्या, बारीक स्वरांपासून. समोरच्याचं बोलणं ऐकू येत राहतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. घरातली माणसं म्हणतात, "यांचं लक्षच नसतं." त्यात आपल्याकडे ड्रायव्हरचा उजवा कान खिडकीकडे. काच खाली असली की त्या कानात नुसता रस्ता.

बाबांना हे सांगणं मीटर उघडण्यापेक्षा अवघड होतं. मी म्हटलं, "बाबा, बझर चांगला आहे. आपण एकदा कान तपासून घेऊ या का?" ते म्हणाले, "म्हणजे मी बहिरा झालो?" आणि उठून अंगणात गेले. दोन दिवस तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मोबाइलवरचं ते रेकॉर्डिंग परत लावायला सांगितलं. फोन कानाला लावून ऐकलं, मग आईकडे बघितलं आणि म्हणाले, "कधी जायचं?"

ऑडिओमेट्री म्हणजे फार काही नसतं. शांत खोलीत हेडफोन लावतात, वेगवेगळे स्वर हळू आवाजात ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. बाबांचा आलेख 2000 हर्ट्झपर्यंत बरा होता, पुढे दोन्ही कानांत उतरत गेला. मोबाइलची बारीक रिंग, दुसऱ्यांच्या गाडीतल्या रिव्हर्स सेन्सरची बीप, मागून येणाऱ्या सायकलची घंटी, हे सगळं त्याच उतारावर येतं. बॅटरी उतरणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त नुकसान होतं, असं मला वाटतं. श्रवणयंत्राचं त्यांचं अजून ठरतंय. पण काच वर ठेवून आणि रेडिओ हळू लावून गाडी चालवायची, हे त्यांनी लगेच मानलं.

गाडीतही एक बदल केला, तो सांगते. जाड, घरघरत्या आवाजाचा 12 व्होल्टचा बझर घेतला. त्याची पॉझिटिव्ह वायर पार्किंग लाइटच्या वायरला, मध्ये 1 अँपिअरचा फ्यूज. निगेटिव्ह वायर ड्रायव्हरच्या दाराच्या स्विचला. दिवे चालू आणि दार उघडं, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तो वाजतो. यात एक डायोड घालायला विसरू नका, 1एन4007 चालतो, पट्टीची बाजू दाराच्या स्विचकडे. कारण दार बंद असताना त्या वायरवर केबिन लाइटमधून 12 व्होल्ट येऊन बसलेले असतात. दिवे बंद असले की तो करंट बझरमधून उलटा पार्किंग बल्बांकडे जाऊ बघतो. डायोड त्याला अडवतो. मात्र ही जोडणी फक्त साध्या वायरिंगच्या जुन्या गाडीसाठी. दाराचा स्विच कॉम्प्युटर वाचत असेल अशा गाडीत हे करू नका.

शेवटचा मुद्दा, सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी. काही बझर बिघडलेले नसतात, गप्प केलेले असतात. आधीच्या मालकाला कटकट वाटली म्हणून वायर काढलेली असते, किंवा बकलमध्ये नुसती धातूची क्लिप खोचलेली असते. या क्लिपा इतक्या विकल्या जात होत्या की मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढून टाकायचे आदेश दिले आणि 13,118 लिस्टिंग हटवल्या गेल्या. गाडी बघायला जाल तेव्हा टायर-इंजिनाबरोबर बकलमध्येही बघा. क्लिप मिळाली तर काढून टाका.

तर या रविवारी गाडी सावलीत लावा. दिवे लावून दार उघडा, चावी आत ठेवून दार उघडा, चावी चालू करून बेल्ट काढा. काय वाजतं, काय वाजत नाही, कागदावर लिहा. आणि ही तपासणी एकट्याने करू नका. घरात जे कुणी ती गाडी चालवतं, त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि विचारा, "ऐकू येतंय का?" उत्तर काहीही आलं तरी चिडवायचं नाही.

तुमचा कागद मला पाठवा, गाडीचं मॉडेल आणि साल लिहायला विसरू नका. पुढच्या भागात त्यातले अवघड प्रश्न घेऊ. भेटू या.