उडती थाळी आणि आपली काळी माती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला खेळाच्या साधनांविषयी चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठे विचार मांडण्याचा माझा अधिकार नाही. गेल्या वर्षभरात आपण उडत्या थाळीच्या खेळासाठी जी साधने तयार केली, ती तशीच का केली, एवढेच सांगते. येत्या वर्षी मंडळाची शिल्लक कशावर खर्चावी हे आज ठरायचे आहे, म्हणून हे बोलणे जरुरीचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. याला डिस्क गोल्फ म्हणतात. प्लॅस्टिकची चपटी थाळी हाताने फिरकी देऊन फेकायची आणि दूरच्या खांबावर बसवलेल्या टोपलीत पाडायची. थाळी जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची. कमीत कमी फेकींत जी टोपल्या पुऱ्या करील ती जिंकली. यात धावणे नाही, अंगाला अंग भिडणे नाही. चालायचे, थांबायचे, नेम धरायचा आणि फेकायचे.

खेळ अमेरिकेतला. तिथल्या कनेक्टिकट प्रांतात फ्रिस्बी नावाच्या बेकरीची पत्र्याची ताटे कॉलेजातली मुले एकमेकांकडे फेकीत, असे सांगतात. १९५७ साली एका खेळणी कंपनीने प्लॅस्टिकची थाळी बाजारात आणली आणि पुढे तिला फ्रिस्बी हेच नाव पडले. १९७५ साली कॅलिफोर्नियात एड हेडरिक या गृहस्थांनी या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा टोपली नव्हती, नुसते खांब होते. थाळी खांबाला लागली की नाही, यावरून तंटे होत. म्हणून त्यांनी खांबाभोवती साखळ्या लोंबत्या सोडल्या आणि खाली टोपली बसवली. थाळीचा जोर साखळ्या खातात आणि ती अलगद खाली पडते. म्हणजे मूळचे साधनसुद्धा अडचणीतूनच सुचले.

आपल्याकडेही हे नवे नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी कुस्तीच्या सरावासाठी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली. जोडीदार म्हणून लाकडाचा खांब आणि अंग सोलवटू नये म्हणून त्याला एरंडेल. जे गावात मिळते त्यातूनच साधन झाले, म्हणून ते गावोगाव गेले.

आता आपल्या भोकरची गोष्ट. शहरातून तयार टोपली आणावी, असे काही भगिनींचे म्हणणे आहे. त्यांचा हेतू चांगला आहे. पण आपली जमीन काळी. पावसात ती फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात पुरलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो, हे कुंपण घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून आपण खांब पुरला नाही. मालमोटारीच्या जुन्या चाकाच्या डिस्कमध्ये सिमेंट ओतून त्यात पाइप उभा केला आणि खाली मुरमाची थापी दिली. हा खांब चौघी मिळून हलवतात. लग्नाचा मांडव पडला किंवा गुरे बांधली, तर कोणाशी वाद न घालता टोपली बाजूला नेता येते.

टोपलीसाठी मोठ्या सायकलची रिम घेतली. खऱ्या टोपलीचे तोंड साधारण ६५ सेंटिमीटर असते आणि आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलची रिम जवळजवळ तेवढीच भरते. काठ जमिनीपासून ८२ सेंटिमीटर ठेवला, म्हणजे आपल्या कमरेच्या जरा खाली. वर लहान सायकलची रिम लावून तिला साखळ्या टांगल्या. जुन्या सायकलींच्या चेनी पावसात गंजतात, म्हणून मृगाच्या आधी त्यांना तेल द्यायचे. जोडकाम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात झाले. उद्या काही तुटले तर तिथेच दुरुस्त होईल, त्यासाठी नांदेड गाठावे लागणार नाही.

दुसरे साधन थाळी. खरी थाळी बहुधा १५० ते १७५ ग्रॅमची असते. २०० ग्रॅमहून जड थाळी नियमात बसत नाही. ती महाग, आणि शिकणाऱ्या मुलीच्या तोंडावर बसली तर लागते. म्हणून सरावासाठी आपण गोधडीच्या टाक्यांनी दोन पदरी कापडाची थाळी शिवली आणि काठात सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घातली. वजन काठात हवे, मध्ये नको. जात्याची वरची पाळ एकदा फिरली की फिरत राहते, आणि भोवरा फिरतो तोवर उभा राहतो. थाळीचेही तसेच आहे. फिरकी आहे तोवर ती सपाट तरंगते, फिरकी सरली की पडते. कापडी थाळी खरीइतकी दूर जात नाही. पण मनगटाचा झटका आणि पायाची ठेवण तिच्यावर नीट शिकता येते. दुकानदाराच्या काट्यावर आपली थाळी १७५ ग्रॅम भरली, याचा मला फार आनंद वाटला.

वाऱ्यासाठी टोपलीच्या डोक्यावर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. समोरून वारा असला की थाळी वर उचलली जाते आणि कलंडते. म्हणून तेव्हा नेहमीपेक्षा खाली आणि जास्त फिरकीने फेकायचे. पाठीमागून वारा असला की ती लवकर खाली येते. आषाढात मुली आधी चिंधीकडे पाहतात, मग हात उचलतात.

उन्हाचेही तसेच. चैत्र-वैशाखात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही आणि प्लॅस्टिक मऊ पडते. खेळ सकाळी सातच्या आत किंवा दिवस कलल्यावर, आणि थाळ्या ओल्या गोणपाटाखाली सावलीत. पिवळी थाळी वाळल्या गवतात हरवते आणि हिरवी पावसाळ्यात. म्हणून लाल कापड घ्यावे. गवतात थाळी गेली तर हात घालू नये. त्यासाठी बांबूची आकडी ठेवली आहे. विंचूकाट्याचे दिवस असतात. आणि उघड्या विहिरीच्या बाजूला टोपली कधीही मांडू नये.

भगिनींनो, आता मुख्य गोष्ट. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या देशाच्या मुली जिंकल्या. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण शाळेत आपणही खो-खो खेळलो. लग्न झाल्यावर आपल्यापैकी कितीजणी पुन्हा मैदानावर उभ्या राहिल्या? नववीतली मुलगी मैदान सोडते, ती तिला खेळ आवडत नाही म्हणून नव्हे. मैदानावर आपले कोणी नाही, म्हणून सोडते. तिची आई तिथे उभी असली तर ती थांबेल. आणि नऊवारी किंवा सहावारी नेसून, पदर खोचून, गुडघे दुखत असतानाही आईला खेळता येईल असा खेळ हा आहे.

मुलांचे क्रिकेटचे मैदान आपल्याला नको. या खेळाला कडेची जागाच लागते: लिंबाची झाडे, बांध, चढउतार. दुसऱ्या कोणाला नको असलेली जमीन आपल्याला पुरते.

तयार वस्तू आणली तर मोडण्याच्या भीतीने ती कपाटात कुलपात राहील, हे आपण कॅरमबोर्डाच्या बाबतीत पाहिले आहे. स्वतः केलेली वस्तू उन्हात उभी राहते. म्हणून माझी सूचना अशी की या वर्षीच्या शिलकीतून आणखी तीन टोपल्या गावातच कराव्यात, खऱ्या थाळ्या सहाच घ्याव्यात आणि कापडी थाळ्या प्रत्येकीने घरच्या जुन्या कपड्यांतून एकेक शिवून आणावी. ज्यांची तयारी असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, आणि आपल्याबरोबर घरातल्या एका मुलीचेही द्यावे.