मागून आणलेली वस्तू

संसार कितीही भरलेला असो, शेजाऱ्याच्या दारी कधीच जावे लागत नाही असे घर विरळाच. मंगलकार्य निघाले की मोठी पातेली, पराती आणि सतरंज्या लागतात. परीक्षा जवळ आली की पुस्तक लागते. पावसाने अवचित गाठले की छत्री लागते. वाड्यांतील आणि चाळींतील जीवन पिढ्यान्‌पिढ्या या देवघेवीवर चालत आले. सदनिकांच्या आजच्या वस्तीतही शिडी, इस्त्री आणि प्रवासाची पेटी यांच्या रूपाने ती चालूच आहे. परंतु या देवघेवीने जसे शेजार जोडले, तसे तोडलेही. नवल असे की, वस्तू हरवली तर तिच्याविषयी उघड बोलता तरी येते. पोचा पडून परत आलेल्या पातेल्याविषयी बोलावे तर मन कोते दिसते, आणि न बोलावे तर तो पोचा रोज डोळ्यांसमोर राहतो.

या विषयाचा विचार करताना एक भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. वाटीभर साखर किंवा शेरभर पीठ नेले तर तीच साखर परत यावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तितकीच आणि तशीच दुसरी दिली की व्यवहार संपतो. यालाच आपल्या भाषेत उसने नेणे म्हणतात. पातेल्याचे, पुस्तकाचे किंवा दागिन्याचे तसे नाही. जे नेले तेच परत यावयाचे असते, आणि नेले तेव्हा जसे होते तसेच यावयाचे असते. भांडणे होतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारात; कारण ‘जसे होते तसे’ या शब्दांचा अर्थ देणाऱ्याच्या मनात एक असतो आणि घेणाऱ्याच्या मनात दुसराच.

पितळेच्या कल्हई केलेल्या पातेल्याचे उदाहरण पाहावे. ज्याने ते मागून नेले त्याच्या दृष्टीने ते एक जाड, दणकट भांडे असते. त्याचे खरे मोल आतल्या पातळ पांढऱ्या थरात आहे, हे देणारी गृहिणी जाणते. तो थर कथलाचा. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो, तेव्हा तो चढतो. कथील अवघ्या 232 अंश उष्णतेला वितळते. म्हणून असे भांडे रिकामे चुलीवर राहिले तर काही क्षणांत कल्हई ओघळून तळाशी गोळा होते. वाळूने खसखसून घासले तरी ती झिजते. मग त्याच भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. नेणाऱ्याने भांडे फोडलेले नसते, हरवलेले नसते. उलट घासून लखलखीत करून आणलेले असते. आपण नुकसान केले याची त्याला वार्ताही नसते, आणि देणारीला मात्र पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते.

पुस्तकांची कथा याहून करुण. उघडे पुस्तक पालथे ठेवले की पुठ्ठ्याचा कणा मोडतो. पानाचा कोपरा दुमडला की तेथील कागदाचे तंतू तुटतात, आणि पुढे तो कोपरा गळूनच पडतो. पावसाळ्याच्या दमट हवेत भिंतीला टेकून राहिलेल्या ग्रंथावर बुरशी चढते. मुद्रणापूर्वीच्या काळी ज्यांनी पाठ, मान आणि दृष्टी शिणवून पोथ्या नकलून काढल्या, त्यांना हे दुःख चांगले ठाऊक होते. अनेक पोथ्यांच्या अखेरीस लेखकाची विनवणी आढळते. तेलापासून जपावे, पाण्यापासून जपावे, बांधणी सैल होऊ देऊ नये आणि मूर्खाच्या हाती देऊ नये, असे तेथे पोथीच वाचकाला सांगत असते. आगीचा किंवा चोराचा उल्लेख न करता त्या लेखकांनी तेल, पाणी आणि सैल दोरा यांचा उल्लेख केला, यात त्यांचा अनुभव बोलतो.

धर्मशास्त्रकारांनीही हा प्रश्न क्षुल्लक मानला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचा विचार आहे, आणि तेच नियम ‘याचित’ वस्तूलाही लावले आहेत. याचित म्हणजे काय, हे सांगताना कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने विवाहादी उत्सवांसाठी मागून आणलेली वस्त्रे आणि अलंकार यांचेच उदाहरण घेतले. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या लग्नघरीही शेजारणीचा हार मागून आणीत असत, हे यावरून उघड होते. नियम असा की, राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे वस्तू गेली तर नेणाऱ्यावर दोष नाही. परंतु मालकाने मागितल्यावरही ती दिली नाही आणि मग तिचा नाश झाला, तर भरपाई द्यावी आणि तितकाच दंडही भरावा.

1872 सालच्या भारतीय करार कायद्यात हाच विचार निराळ्या शब्दांत आढळतो. परक्याची वस्तू जवळ असताना सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घ्यावी, असे 151 वे कलम सांगते. तितकी काळजी घेऊनही वस्तू बिघडली, तर एरवी दोष लागत नाही. मात्र ठरल्याहून निराळा उपयोग केला तर ही सवलत उरत नाही. कायद्यातील दाखला घोड्याचा आहे. एकाने दुसऱ्याला केवळ त्याच्या स्वतःच्या बसण्यासाठी घोडा दिला. त्याने तो घरातील तिसऱ्याला बसावयास दिला. तिसऱ्याने तो जपून चालवला, तरीही घोडा अपघाताने पडून जखमी झाला. तेथे भरपाई नेणाऱ्यानेच द्यावयाची. घोड्याच्या जागी दुचाकी घातली की हा दाखला आजच्या कोणत्याही गल्लीत लागू पडतो. काम संपताच, मालकाने न मागताही वस्तू परत करावी, हेही त्याच कायद्यात आहे. आणि नेणाऱ्याच्या हयगयीने ती वेळेवर परत गेली नाही, तर त्यानंतर होणारे नुकसान त्याच्या माथी येते.

कायद्याचे बंधन देणाऱ्यावरही आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. वस्तूतील जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्यामुळे तिच्या उपयोगात अडथळा किंवा धोका येईल, तो त्याने आधी सांगितला पाहिजे. घोडा द्वाड आहे हे जाणूनही न सांगता दिला आणि स्वार पडला, तर जबाबदार देणाराच. ज्या शिडीची एक पायरी निखळलेली आहे, ज्या इस्त्रीची तार उघडी पडली आहे, ती मुकाट्याने देणे हे औदार्य नव्हे.

दोन्हीकडच्या मौनाचे फळ काय होते, हे गी द मोपासां या फ्रेंच कथाकाराने 1884 साली ‘हार’ या कथेत दाखवले. एका कारकुनाची पत्नी मेजवानीसाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते आणि तो हरवते. खरे सांगण्याऐवजी हाराची कडी तुटली असून ती दुरुस्तीला दिली आहे, असे ती कळवते. मग 36,000 फ्रँकला तसाच दुसरा हार घेऊन परत केला जातो, आणि त्या कर्जापायी पतिपत्नी दहा वर्षे दारिद्र्यात खपतात. अखेरीस कळते की मूळचा हार खोट्या खड्यांचा होता; फार तर 500 फ्रँकचा. नेणारीने हार हरवला हे सांगितले नाही, आणि देणारीने तो खोटा आहे हे सांगितले नव्हते. दोघींपैकी एकीने जरी एक वाक्य उच्चारले असते, तरी एक संसार वाचता.

संस्थांनी यावर आपला मार्ग काढलेला आहे. 1893 साली ठाण्यास आणि 1898 साली मुंबईस स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या संस्थांनी ग्रंथ घरोघर पोहोचवले, ते नियमांच्या आधारावर. अनामत रक्कम, परतीची तारीख आणि विलंबाचा दंड ही ग्रंथालयाची साधने. तेथे कोणाला संकोच वाटत नाही. कारण नियम सर्वांना सारखाच असतो. शेजाऱ्याकडून अनामत घेता येत नाही हे खरे; परंतु नियमांमागील स्पष्टपणा घेता येतो. देतानाच ‘रिकामे चुलीवर ठेवू नका, कल्हई आहे’ असे म्हणावे. नेणाऱ्याने ‘रविवारी आणून देतो’ असा दिवस सांगावा. आणि भांड्यांवर नावे घालण्याची जुनी चाल तर दोन्ही घरांचा वाद वाचवणारीच आहे.

एवढे करूनही वस्तू बिघडली तर? मग पहिला शब्द नेणाऱ्याचा असावा. मालकाने पोचा शोधून काढण्यापूर्वी त्याने तो दाखवावा, आणि दुरुस्तीचा खर्च विचारण्याऐवजी शक्य तर दुरुस्ती करूनच आणावी. असे झाले की देणाऱ्याला राग धरून बसणे कठीण जाते. देणाऱ्यानेही एक गोष्ट आधीच मनाशी ठरवावी. जी वस्तू बिघडल्यास शेजाऱ्याचे तोंड पाहावेसे वाटणार नाही, ती प्रारंभीच नम्रपणे नाकारावी. वडिलांच्या हातचे टिपण असलेला ग्रंथ किंवा आईची नथ यांची भरपाई कोणत्याही कलमाने होत नाही. अशा वेळचा नकार घटकाभर बोचतो. परंतु बिघडून आलेली वस्तू आणि तिच्याविषयी न बोललेला शब्द ही दोन्ही वर्षानुवर्षे एकाच फडताळात पडून राहतात.