रुग्णसेवेचे नवे दप्तर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. सारी हयात या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत गेली. तेव्हा एम.बी.ए.सारख्या पदवीविषयी आम्ही बोलावे, हे काहींना धार्ष्ट्य वाटेल. परंतु हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले. नोंद नीट राहिली तर माणसाचे किती हित होते आणि ती ढिली पडली तर किती हानी होते, एवढे आम्ही जाणतो. आज ज्या शिक्षणाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, त्याचे मूळ नोंदीतच आहे.

आपल्या समाजातील एका कन्येने परिचर्येची पदवी घेतली, तीन वर्षे रुग्णालयात नोकरी केली आणि आता आरोग्यसेवेतील माहिती-तंत्रज्ञान हा विशेष विषय घेऊन एम.बी.ए. करण्याचे तिच्या मनात आहे. घरची वडील मंडळी म्हणतात, "नर्स झालीस ते पुष्कळ झाले, आता हा व्यापारी अभ्यास कशाला?" मंडळाच्या साहाय्य-निधीकडे ती आली, तर नियमात केवळ वैद्यक व अभियांत्रिकी एवढीच नावे. तिचा प्रश्न एकटीचा नाही, म्हणूनच तो आम्ही सभेपुढे मांडीत आहो.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. हिशेब, मनुष्यबळ, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन हा त्याचा पाया. त्यावर रुग्णालयाची संगणकीय नोंदपद्धती, औषधसाठ्याचा ताळमेळ, विम्याचे दावे आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता हे विषय येतात. डॉक्टर रुग्णास तपासतो. परंतु त्याचा केसपेपर, रक्ततपासणीचा अहवाल आणि औषधाची चिठ्ठी योग्य वेळी योग्य हाती पडावी, याची व्यवस्था दुसऱ्या कोणी तरी लावावी लागते. ती लावणारा मनुष्य या शिक्षणातून घडतो.

ही गोष्ट अगदी नवीन आहे असेही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून ओळखतो. परंतु १८५४ ते १८५६ या काळात क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या शुश्रूषेस गेलेल्या या बाईंनी पुढे मृत्यूंचे तक्ते मांडून दाखविले, की जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले. त्या आकड्यांनी राज्यकर्त्यांचे डोळे उघडले.

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. शासनास विशेष तपास पथक नेमावे लागले. १९८९ साली स्थापन झालेल्या आपल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरून गेल्या होत्या. विचार करा: रुग्णाचे गाव, औषधाचे नाव आणि फवारणीचा दिवस ही माहिती सोळाही तालुक्यांतून रोजच्या रोज एका ठिकाणी जुळली, तर पहिल्या दहा-पंधरा रुग्णांतच धोक्याची घंटा वाजू शकते. मग पुढच्या मजुराच्या पाठीवर पंप चढण्यापूर्वी गावात दवंडी पोहोचते. अशी जुळणी आपोआप होत नाही. ती शिकलेल्या माणसांनी बसवावी लागते.

शासनाने त्या दिशेने पावले टाकली आहेत. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले व नागरिकांना चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळू लागला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दावेही संगणकावरूनच जातात. कागद अपुरा असेल तर दावा अडतो. मात्र यंत्र आले म्हणजे काळजी मिटली, असे नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा त्या थोर संस्थेस कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. रुग्णाची माहिती ही त्याची ठेव आहे. ती सांभाळणारा जाणता तसाच सचोटीचाही पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, दोन शब्द व्यवहाराचे. कोणत्याही शाखेचा पदवीधर या मार्गाला जाऊ शकतो. महाराष्ट्रातील एम.बी.ए. प्रवेशास राज्याची सामाईक परीक्षा असून पदवीला पन्नास टक्के, राखीव वर्गास पंचेचाळीस टक्के गुण लागतात. काही संस्था पदवीऐवजी पदव्युत्तर पदविका देतात. तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावे. जाहिरातीतील पगाराच्या आकड्यास भुलू नये. संस्था विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम देते, हे विचारावे. शक्य असेल त्याने आधी एक-दोन वर्षे नोकरी करावी. ज्याने ओपीडीची रांग पाहिली नाही, त्याला रांग कमी करण्याची विद्या उमगत नाही. आणि कर्ज काढण्यापूर्वी त्याचा हप्ता घरच्यांसमवेत बसून मांडावा. नोकऱ्या बहुधा पुणे, मुंबई, हैदराबादकडे आहेत, हेही लपवून चालणार नाही.

तथापि तेथे शिकलेल्यांपैकी काहींनी तरी झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीच्या आरोग्य केंद्रांचे स्मरण ठेवावे. कोलामपोडावरील आजारी आईला तालुक्याहून यवतमाळला आणले, की तिच्या जुन्या तपासण्यांचे कागद घरीच राहिलेले असतात. तिची माहिती तिच्या संमतीने तिच्याआधी डॉक्टरपर्यंत पोहोचवील, अशी मुलगी आपल्या समाजातून निघाली तर तो आपणा सर्वांचा गौरव ठरेल.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे, की साहाय्य-निधीच्या नियमात वैद्यक व अभियांत्रिकीबरोबर 'आरोग्य-व्यवस्थापन' हे शब्द याच वर्षी घालावेत. साहाय्य बिनव्याजी परतफेडीचे असावे आणि ते मुलींनाही मुलांइतक्याच मोकळ्या मनाने द्यावे. पूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन वसतिगृहासाठी वर्गणी काढली, म्हणून आमच्यासारखे मॅट्रिक झाले. पुढच्या पिढीचे ऋण तेवढ्याच तत्परतेने फेडले पाहिजे.