मामाचं काम काय?

आजचा भाग कोडिंगवर नाही, इंटरव्ह्यूवर नाही, पगारवाढीवर तर अजिबातच नाही. आज मी तुमच्याशी मामा म्हणून बोलणार आहे.

माझ्या ताईने आणि दाजींनी एक मुलगी दत्तक घेतली. घरी आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला लहानपणीच इजा झालेली असते. हा संसर्ग नाही, कुणाच्या पापाचं फळ तर नाहीच नाही. आमच्या भाचीच्या पायांचे स्नायू कडक असतात. ती वॉकर धरून चालते, बोलताना थोडी अडखळते, आणि पोह्यांची प्लेट मात्र न अडखळता संपवते. तिचं नाव मी सांगणार नाही. आपली गोष्ट जगाला सांगायची की नाही, ते मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल.

लोक ताईला म्हणतात, ‘केवढं मोठं मन तुझं!’ कौतुक आहे, मान्य. पण या वाक्याने सगळी जबाबदारी दोघांच्या मनावर टाकून बाकीचे मोकळे होतात. म्हणून आज मी बाकीच्यांबद्दल बोलतोय. मामा, आजी, आत्या, शेजारी. म्हणजे तुम्ही आणि मी.

आधी थोडी माहिती. दत्तक घ्यायचं तर ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. निरोगी तान्हं बाळ हवं असेल तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. विशेष गरजा असलेली मुलं मात्र वेगळ्या यादीत असतात, आणि तिथे आपल्याकडच्या पालकांची गर्दी नसते. अशी बरीच मुलं शेवटी परदेशी कुटुंबांत जातात. त्या कुटुंबांना माझा मनापासून सलाम.

पण रशियात काय झालं बघा. 2012 च्या डिसेंबरमध्ये तिथे कायदा झाला आणि 1 जानेवारी 2013 पासून अमेरिकन नागरिकांना रशियन मुलं दत्तक देणं बंद झालं. भांडण दोन सरकारांचं. काही मुलं तर आपल्या होणाऱ्या आईबाबांना भेटलेलीसुद्धा होती, त्यात दिव्यांग मुलंही होती. ती अनाथाश्रमातच राहिली. आपल्या लेकरांचं घर दुसऱ्या देशाच्या भरवशावर ठेवलं की असं होऊ शकतं. ते घर इथे, आपल्या छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत, टीव्ही सेंटरला, गारखेड्यात का असू नये?

आता आमच्या घरचं सांगतो. दत्तक देण्याआधी समाजसेविका घरी येऊन अहवाल तयार करतात. घरातल्या इतरांशीही बोलतात. आमच्या आजीला विचारलं, ‘तुम्हाला चालेल का?’ आजी म्हणाली, ‘लेकरू काय खातं तेवढं सांगा, बाकी मला कळत नाही.’ झाला आजीचा इंटरव्ह्यू!

खरं काम पुढे होतं. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामुळे पॅसेजमध्ये पाण्याचे ड्रम. वॉकर दोन फूट रुंद, आणि ड्रमशेजारी जागा उरायची दीड फूट. मी आणि दाजींनी एका रविवारी ड्रम मागच्या बाल्कनीत नेले आणि पाइप तिकडे फिरवला. मग उंबरठा. त्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार करून घेतला. मला वाटलं आजी नाराज होईल, तर ती म्हणाली, ‘रांगोळी बाजूला काढीन, त्यात काय!’

दुसरं काम होतं जिभेचं. पाहुणे यायचे आणि पोरीसमोरच म्हणायचे, ‘बिचारी! हिचं पुढं कसं व्हायचं?’ तिला ऐकू येतं, सगळं कळतं. मग ठरलं, उत्तर तिच्यासमोरच द्यायचं. ‘पुढं शाळेत जायचंय, आता पोहे खातीये.’ हळूहळू तो शब्द घरातून गेला.

तिसरं काम वेळेचं. रोज पायांचे व्यायाम करून घ्यावे लागतात, स्प्लिंट घालावे लागतात, आणि ती घालायला कुठल्याही लेकरासारखी रडते. रोज दोघांनीच करायचं म्हटलं तर ते थकतात. शनिवार-रविवार माझे. कागदपत्रंही माझीच. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं, नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत नाव घातलं. त्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही बसतो. आपण दिवसभर फॉर्म भरायची सॉफ्टवेअर लिहितो, मग घरचा एक फॉर्म भरायला काय जातंय?

आणि ‘हिचं पुढं कसं?’ या प्रश्नाबद्दल. तो प्रश्न खरा आहे, फक्त विचारायची जागा चुकते. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर नावाचं गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकरांनी 123 बेवारस, दिव्यांग मुलं सांभाळली आणि वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच घरात वाढलेली माला पापळकर. दृष्टिहीन, लहानपणी जळगाव रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेली. तीही 2024 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली.

बाबा वर्षानुवर्षं एकच मागणी करतायत: 18 वर्षांनंतरही अशा मुलांना बालगृहात राहू द्या. कारण कायद्याने बालगृह 18 व्या वर्षी सोडावं लागतं. पुढे अनुरक्षणगृहाची सोय असते, तीही थोड्याच वर्षांची. ज्याला आंघोळीलाही मदत लागते, त्याने नंतर जायचं कुठे?

संस्थेला वयाची अट असते, घराला नसते. पण आईबाबांचंही वय होतं. माझी भाची चाळिशीची होईल तेव्हा ताई-दाजी पंच्याहत्तरीकडे आलेले असतील. मीही म्हाताराच असेन, पण जरा कमी! म्हणून आत्ताच मी दाजींसोबत बसून लिहून काढलंय. तिच्या नावावर काय ठेवायचं, पालकत्व पुढे कुणाकडे, तिच्या औषधांची फाइल कुठे आहे. 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशावर माझं नाव नाही. या कागदावर आहे.

तर मंडळी, तुमच्या नात्यात कुणी असा विचार करत असेल, तर ‘मोठं मन’ वगैरे म्हणू नका. विचारा, ‘शनिवारी मी येऊ का?’ आणि खरंच जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!