शेवटी जेवणारीचं वजन

(बिडकीन येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सातबारा, रेशन, दारू, मारहाण या विषयांवर मी तुमच्यापुढे अनेकदा बोलले आहे. आज मी माझ्या वजनाबद्दल बोलणार आहे. हसू आलं तर हसा. मलाही आधी वाटलं होतं, हा काय चळवळीत बोलायचा विषय आहे?

दोन वर्षांपूर्वी माझं वजन ७८ किलो होतं. उंची पाच फूट. गुडघे दुखायचे, पायरी चढताना दम लागायचा. पण गावात कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं. उलट बाया म्हणायच्या, "तब्येत चांगली सुधरली की तुही!" आपल्याकडे बाई अंगानं भरली म्हणजे ती सुखी, असा हिशेब आहे. लग्नाच्या मुलीला मात्र 'जाड' म्हणून नाकारतात. आपल्या अंगाचा भाव दोन्हीकडून दुसरेच ठरवतात.

मग रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. शंभर ते सव्वाशेच्या मधे साखर असणं म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आणि हिमोग्लोबिन किती? साडेनऊ. बाईला निदान बारा हवं. डॉक्टरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, खाणं कमी करा." घरी येताना मी एकच विचार करत होते. मी जास्त खाते म्हणून जाड झाले, तर माझ्या अंगात रक्त का नाही?

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. शंभरात २१ जणी फार बारीक आणि २३ जणी प्रमाणाबाहेर जाड होत्या. आपण समजतो की उपासमार वेगळ्या घरात असते आणि लठ्ठपणा वेगळ्या घरात. पण एकाच बाईच्या अंगात दोन्ही असू शकतं. ती बाई मी होते.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे तेव्हाचं जेवण. तेव्हा मी तिच्या पोटात होते. १९७३ साली जन्मले तेव्हा मुठीएवढी होते, असं आजी सांगायची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्या आतच होतं. इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. पण आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्या मानानं त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे जास्त खाणं आणि कमी हालचाल सोसू शकत नाही, त्याला मधुमेह लवकर गाठतो, असं या अभ्यासकांचं म्हणणं आहे. माझ्या आईला मधुमेह झाला. पायाची जखम चिघळली आणि अंगठा कापावा लागला. मला तीच वाट दिसत होती.

आता वजन वाढलं कसं ते सांगते. इथं बसलेल्या कितीतरी जणींची गोष्ट हीच असेल. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्र्याला आणि आपल्या बिडकीनला जमिनी घेतल्या गेल्या. बिडकीनच्या बाजूला सुमारे आठ हजार एकर. २९ सप्टेंबर २०२४ ला या वसाहतीचं राष्ट्रार्पणही झालं. आमचीही तीन एकर त्यात गेली. मोबदला आला, पक्कं घर झालं, दारात मोटारसायकल आली. तो व्यवहार बरा की वाईट, यावर आपण वेगळं बोलू. पण बाईच्या ताटाचं काय झालं, ते कुणी पाहिलं नाही.

शेत होतं तेव्हा घरची बाजरी होती, तूर होती, मूग होता. खुरपायला गेलं की ओच्यात चिवळ, तांदुळजा, पाथरी घेऊन यायचो. त्याला पैसे पडत नव्हते. शेत गेलं तशी बाजरी विकत, डाळ विकत, आणि बांधच राहिला नाही तर पाथरी कुठून येणार? रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतात. मग पोळी-भात, बटाट्याची भाजी, चहा-बिस्कीट. खुरपणं, कापूस वेचणं, मोळी आणणं थांबलं. काम संपलं असं नाही. स्वयंपाक, धुणीभांडी, म्हाताऱ्यांचं सगळं करणं चालूच होतं. पण दिवसभर रानात वाकणारं अंग घरातल्या घरात अडकलं.

तेव्हा आमच्या गटात आम्ही एक वही केली. आठ दिवस प्रत्येकीनं लिहायचं: काय खाल्लं, कधी खाल्लं, कुणानंतर खाल्लं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीनं लिहायचं. वहीतून जे निघालं त्यानं आम्ही गप्प झालो. बहुतेकींचं सकाळचं जेवण दुपारी. तोवर पोटात फक्त गोड चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर जेवण, तेही भांड्याशी बसून. वरण संपलेलं, भाजीचा रस्सा उरलेला, भात मात्र भरपूर. मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, सकाळचा शिळा भात, "टाकायचं कसं?" म्हणून पोटात. आठवड्यात दोन उपवास, त्याला साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पीठ. त्यात ना रक्त वाढवणारं काही, ना ताकद देणारं.

माझ्या चहाचा हिशेब केला. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर. चमच्यात पाच ग्रॅम धरले तर दिवसाला साठ ग्रॅम, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. शिवाय जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

म्हणजे मी जास्त खात नव्हते. उरलेलं खात होते.

तुम्ही म्हणाल, मग डाएट करायचं होतं. २०१८ च्या सुमारास आपल्या भागात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीची घरोघर चर्चा होती. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी ती मांडली: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. पुष्कळांनी ती केली. आमच्या घरात पुरुषांनी केली, तेव्हा त्यांचं ताट वेळेवर वाढायला मी होते. मला मात्र त्या पंचावन्न मिनिटांचंच नवल वाटायचं. पंचावन्न सोडा, पंधरा मिनिटं एका जागी बसून जेवलेली बाई या वहीत आम्हाला सापडली नाही.

म्हणून मी पहिला बदल खाण्यात केला नाही, बसण्यात केला. घरात सांगितलं, मी सगळ्यांबरोबर बसणार, माझं ताट आधी वाढून ठेवणार, आणि भाकरी संपली तर ज्याला हवी त्यानं उठून घ्यावी. सासूबाई म्हणाल्या, "काहून? आम्ही काय उपाशी मेलो का?" नवरा आठ दिवस बोलला नाही. मी भांडले नाही, पण उठलेही नाही. आता सासूबाईही पंगतीत बसतात. त्यांचं वय पंचाहत्तर. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा गरम भाकरी खातात, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

मग पुढचं सोपं गेलं. सकाळी लवकर भाकरी, ज्वारीची किंवा बाजरीची. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. पालेभाजी रोज, वर लिंबू पिळून, म्हणजे लोह अंगी लागतं. शेंगदाण्याची, जवसाची चटणी. चहा दोनदा, अर्धा चमचा साखर घालून. शिळं उरलं तर सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आम्ही चारपाच जणी पहाटे पैठण रस्त्यानं चालायला लागलो. पहिले काही दिवस टपरीवरचे लोक हसले, मग त्यांना सवय झाली. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही नेमानं घेतल्या. वर्षभरात साखर ९८ वर आली, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. वजन ६९ वर यायला दोन वर्षं लागली. ते अजूनही जास्तच आहे. घाई नाही.

एक शंका मला स्वतःलाच होती. बाईला बारीक, गोरी करायला निघालेल्या बाजाराविरुद्ध आपण बोलतो. सूझी ऑर्बाक या इंग्लंडमधल्या लेखिकेनं १९७८ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं की जाडी हा स्त्रीवादी प्रश्न आहे. मग मी त्याच बाजाराच्या रांगेत उभी राहिले का? मी आरशासाठी काही केलं नाही. मला माझे पाय शाबूत हवे आहेत. जाड बाईला चिडवणं हा अन्यायच आहे. पण तिच्या साखरेकडे कुणी पाहू नये, हाही अन्यायच.

आणि एक सावधगिरी. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. जिच्या घरात मुळातच कमी शिजतं तिला तर कमी खा हा सल्ला देणंच चूक. तिच्यासाठी रेशनवर डाळ आणि ज्वारी मागणं हे आपलं काम आहे.

आज घरी जाऊन एकच करा. आठ दिवसांची वही लिहा. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. आणि आत्ता इथं जेवण आहे. वाढणाऱ्या बायांनीही आपल्याबरोबर बसायचं. ज्याला जे लागेल ते त्यानं उठून घ्यावं.